कुकर, कूलर आणि इंजिनरूम

या खेपेला पत्रं जरा जास्तच आली आणि गंमत म्हणजे बहुतेक सगळी नागपूर, कामठी, हिंगणा याच पट्ट्यातली. ज्या गावापासून कोणत्याही दिशेनं निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही, तिथले इतके पोट्टे मरीनला, म्हणजे व्यापारी जहाजांवर इंजिनिअर व्हायला निघालेत हे वाचून मला तरी बरं वाटलं. मीही इथलाच, अंबाझरी तलावाच्या पलीकडे पाणी म्हणून काही मोठं बघितलं नव्हतं, आणि थेट इंजिनरूममध्ये जाऊन पडलो होतो. असो, पत्रांकडे वळू, सगळी छापता येत नाहीत म्हणून ज्यात सायन्सचा प्रश्न आहे बहुतेक तीच घेतली, पगाराची पत्रं पुढच्या वेळी.

सर, मी मेकॅनिकलच्या फायनल इयरला आहे, पुढे जीएमई (ग्रॅज्युएट मरीन इंजिनिअरिंगचा कोर्स) करायचा विचार करून राहिलो. एक सीनियर म्हणतो जहाजावर कॉलेजचं काहीच कामाला येत नाही, सगळं हातानं शिकावं लागते. दुसरा म्हणतो थर्मो (उष्णतेचं शास्त्र) पक्कं पाहिजे नाहीतर ओरलला, म्हणजे तोंडी परीक्षेला गचकशील. एका पोराला म्हणे 'पाणी किती अंशाला उकळतं' एवढंच विचारून बाहेर काढलं. खरं आहे का हे? आणि नेमकं वाचू काय? (हिंगणा रोड)

त्या पोराचं मला माहीत नाही, पण माझं सांगतो. माझ्या ओरलला सर्व्हेयरनं, म्हणजे परीक्षा घेणाऱ्या साहेबांनी हेच विचारलं, मी म्हटलं शंभर, तो म्हणाला कुठे, मी म्हटलं कुठेही, त्यानं हातातलं पेन खाली ठेवलं. पेन खाली ठेवलं की समजायचं की आता मार्क लिहिणं थांबलं. पुढचा अर्धा तास कसा गेला ते विचारू नको.

आता तूच बघ. नागपूर समुद्रसपाटीपासून साधारण ३१० मीटर उंच, त्यामुळे सीताबर्डीच्या टपरीवर चहाचं पाणी ९९ अंशालाच उकळून राहिलं आहे, शंभरला नाही. घरचा कुकर शिटी देतो तेव्हा आतलं प्रेशर बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त असतं, म्हणजे आत २ बार, तिथे तेच पाणी १२० अंशाला उकळतं, म्हणून तुरीची डाळ पटकन शिजते. जहाजावरचा ऑक्झिलरी (छोटा, मदतीचा) बॉयलर बऱ्याचदा गेजवर ७ बार दाखवत चालतो, त्याची वाफ १७० अंशाची. आणि त्याच इंजिनरूममध्ये, बॉयलरपासून चार पावलांवर, फ्रेश वॉटर जनरेटर नावाचं, खाऱ्या पाण्यापासून गोडं पाणी बनवणारं एक मशीन असतं ज्यात समुद्राचं पाणी ४२ अंशाला उकळत असतं. नागपूरच्या मे महिन्यातल्या दुपारपेक्षा कमी तापमानाला! पहिल्यांदा त्याच्या काचेतून आत बघितलं तेव्हा मला खरं वाटलं नव्हतं, पाणी खळाखळा उकळत होतं आणि वरच्या कवचाला हात लावला तर फक्त कोमट.

हे ४२ आलं कुठून, तर त्या मशीनचं गेज (प्रेशरचं मीटर) दाखवतं मायनस ०.९३ बार. गेज नेहमी बाहेरच्या हवेच्या तुलनेत दाखवतं हे डोक्यात ठेव, हवा १.०१ बार धरली तर आत खरं प्रेशर उरलं ०.०८, आणि ०.०८ बारला पाणी ४२ च्या आसपास उकळतं, स्टीम टेबल (कोणत्या प्रेशरला पाणी किती अंशाला उकळतं त्याचा तक्ता) उघडून बघ. गेज आणि ॲब्सोल्यूट, म्हणजे खरं प्रेशर, यातला फरक पोरांना पुस्तकात कळतो आणि गेजसमोर उभं राहिलं की विसरायला होतं, ओरलला गचकणारे अर्धे इथेच गचकतात असं माझं मत आहे. त्यात गेजवर कधी बार, कधी केजी पर सेंटिमीटर स्क्वेअर, जुन्या जहाजावर पीएसआय, हे सगळं डोक्यातल्या डोक्यात बदलता आलं पाहिजे.

एवढा व्हॅक्युम कशाला करायचा? एक कारण, मेन इंजिनचं जॅकेट वॉटर (इंजिन थंड ठेवायला त्याच्याभोवती फिरणारं पाणी) ८० अंशाच्या आसपास बाहेर येतं, ती उष्णता फुकट आहे, तिच्यावर शंभराला पाणी कसं उकळणार, ४२ ला मात्र आरामात उकळतं. दुसरं कारण तुझ्या घरीच आहे. बोअरच्या पाण्यावर चालणाऱ्या गीझरचा रॉड काढून बघ, पांढरा खार बसलेला दिसेल. पाणी जितकं जास्त तापवाल तितका खार जास्त, आणि समुद्राचं पाणी तर बोअरच्याही वरचं.

आता कॉलेजचं कामाला येते का, त्याचा एक किस्सा. मी ट्रेनी असताना एकदा पाणी बनणं निम्म्यावर आलं. मी आपला हुशारी करायला गेलो, म्हटलं उष्णता कमी पडत असेल, जॅकेट वॉटरचा व्हॉल्व्ह अजून उघडू. सेकंड साहेबांनी (सेकंड इंजिनिअर) हात धरला आणि विचारलं, गेज किती? बघितलं तर मायनस ०.८०. म्हणजे आत ०.२१ बार, म्हणजे पाणी ६१ अंशाला उकळत होतं. मग साहेब म्हणाले आता वजाबाकी कर. ८० मधून ४२ गेले ३८, ८० मधून ६१ गेले १९. उष्णता ज्या फरकावर वाहते तो फरकच निम्मा झाला तर पाणीही निम्मंच बनणार, तू कितीही व्हॉल्व्ह उघड. मग साहेबांनी स्वतःच्या केबिनमधून शेव्हिंग फोमचा डबा आणला, काचेच्या गॅस्केटभोवती फोम फासला, एका कोपऱ्यात फोम आपोआप आत ओढला गेला, तिथून हवा शिरत होती. गॅस्केट बदललं, तासाभरात गेज परत खाली. बारावीची वजाबाकी आणि दाढीचा फोम, झालं काम. तर तुझे दोन्ही सीनियर अर्धे अर्धे बरोबर आहेत.

वाचायचं काय म्हणशील तर स्टीम टेबल वाचता येणं, गॅस लॉ, हीट ट्रान्सफर, पंप आणि हायड्रोस्टॅटिक्स, थोडं स्ट्रेंथ ऑफ मटेरियल, इलेक्ट्रिकलचं बेसिक. पण प्रत्येक फॉर्म्युल्यात एकदा तरी खरे आकडे टाकून उत्तर काढ आणि ते उत्तर पटण्यासारखं आहे का ते बघ. स्टील एका अंशाला मीटरमागे ०.०१२ मिलिमीटर वाढतं हे सगळ्यांना पाठ असतं, पण ५० मीटरची वाफेची लाइन १५० अंशांनी तापली की ९० मिलिमीटर, म्हणजे चार बोटांपेक्षा जास्त वाढते हे काढून बघितलं की लाइनला मधे मधे वळसे का घातलेत ते कोणी सांगायची गरज पडत नाही. जीएमई झाल्यावर सहा महिन्यांचा सी टाइम (जहाजावरची नोकरी) भरून क्लास फोरला, म्हणजे इंजिनिअरच्या पहिल्या परीक्षेला बसायचं आहे तुला, सहा महिने म्हणजे काहीच नसते बावा, बॉयलर सूट धुण्यातच जातात.

नमस्कार. माझा मुलगा बारावीला आहे, आयएमयूची (इंडियन मेरिटाइम युनिव्हर्सिटी) सीईटी देणार म्हणतो. गणित बरं आहे पण फिजिक्स नुसतं पाठ करतो. विचारलं तर म्हणतो, आई आता जहाजावर सगळं ऑटोमॅटिक असते, अलार्म वाजला की बटण दाबायचं. असं असेल तर एवढं फिजिक्स कशाला लागते? आणि धोका किती असतो हेही मोकळेपणानं सांगा. (मानेवाडा)

ताई, मुलगा म्हणतो ते खोटं नाही, आता बऱ्याच जहाजांवर रात्री इंजिनरूममध्ये कोणी नसतं, अलार्म थेट केबिनमध्ये वाजतो. पण अलार्म वाजल्यावर काय करायचं नाही हे कळायला फिजिक्स लागतं. एकच उदाहरण देतो.

इंजिनच्या खालच्या भागाला क्रँककेस म्हणतात, तिथे बेअरिंगवर तेल सतत उडत असतं. एखादं बेअरिंग गरम झालं की त्यावर पडलेल्या तेलाची वाफ होते, ती वाफ वर थंड जागी जाऊन परत बारीक थेंब होते, हिवाळ्यात सकाळी फुटाळा तलावावर धुकं दिसतं ना, अगदी तसं तेलाचं धुकं. हे धुकं पेट घेणारं असतं आणि पेटवायला ते गरम बेअरिंग तिथेच बसलेलं असतं. या धुक्याचा अलार्म वाजला की नवीन पोराच्या मनात पहिली गोष्ट काय येते, दार उघडून बघू. आणि तीच करायची नसते, कारण आत धुकं इतकं दाट असू शकतं की हवेअभावी पेटत नाहीये, तुम्ही दार उघडून हवा दिली की झालं. इंजिन हळू करायचं, ब्रिजला (जिथून जहाज चालवतात तिथे) सांगून थांबवायचं, दारांसमोरून बाजूला व्हायचं, आणि पूर्ण थंड होईस्तोवर वाट बघायची, कमीत कमी अर्धा तास. १९४७ साली बेलफास्टजवळ 'रेना डेल पॅसिफिको' या प्रवासी जहाजाच्या ट्रायलमध्ये क्रँककेसचा असा स्फोट झाला आणि २८ माणसं गेली. क्रँककेसच्या दारांवर स्प्रिंगचे रिलीफ व्हॉल्व्ह दिसतात त्यामागे ही अशी प्रकरणं आहेत.

धोका म्हणाल तर आहे, पण हायवेवर बाइक चालवण्यातही आहे, आणि इथे निदान प्रत्येक गोष्टीची कारणं समजून घेता येतात. अजून एक त्याला विचारा, की बंद पडलेल्या रिकाम्या लोखंडी टाकीत विषारी गॅस नसतानाही माणूस का गुदमरतो. उत्तर केमिस्ट्रीत आहे, गंज चढताना लोखंड हवेतला ऑक्सिजन खातं, २१ टक्क्यांचा तो किती खाली आला ते डोळ्यांना दिसत नाही. म्हणून मीटर लावल्याशिवाय आणि परमिट झाल्याशिवाय टाकीत उतरायचं नाही, आत पडलेल्या मित्राला काढायलासुद्धा नाही. हे जर त्यानं स्वतःहून सांगितलं तर पोरगं तयार आहे समजा. बाकी पीसीएमला (फिजिक्स, केमिस्ट्री, गणित) सरासरी ६० टक्के लागतात आणि रंग नीट ओळखता आले पाहिजेत, ती डोळ्यांची तपासणी फी भरायच्या आधी करून घ्या, कृपा करून आधी. वर्षाची फी भरल्यावर कलर ब्लाइंड निघालेली पोरं मी बघितली आहेत.

सर मी नागपूरचाच, सध्या इंजिन कॅडेट म्हणून बंगालच्या उपसागरात आहे. मेन इंजिनच्या एअर कूलरच्या ड्रेनमधून धो धो पाणी येऊन राहिलं. मला वाटलं ट्यूब फुटली, धावत जाऊन सांगितलं तर सगळे हसले. सेकंड म्हणतात कारण शोध आणि टार बुकमध्ये (ट्रेनिंगच्या नोंदवहीत) लिही. (मूळचा महाल)

हसू दे रे, पाणी बघून धावत जाणं हे न धावण्यापेक्षा कधीही चांगलं. पण कूलर समुद्राच्या पाण्यावर चालत असेल तर धावायच्या आधी एक थेंब जिभेला लावायचा, खारट नाही ना? मग ट्यूब नाही फुटली.

तू नागपूरचा म्हणून तुला घरच्या कूलरवरून सांगतो. मे महिन्यात खस लावलेला कूलर खोली गार करतो आणि जुलैत तोच कूलर नुसती चिकचिक करतो, का, तर मे मधली हवा कोरडी असते, पाणी पिऊन घेते, जुलैतली आधीच पोट भरलेली असते. तू आता जिथे आहेस तिथे बाराही महिने जुलै. ३५ अंशाची दमट हवा किलोमागे ३० ग्रॅमच्या आसपास पाणी घेऊन फिरत असते. टर्बोचार्जर (इंजिनला हवा दाबून देणारा) ती दाबून साडेतीन बारला नेतो, मग इंजिनचा एअर कूलर तिला ४५ अंशावर आणतो. दाबलेल्या हवेत पाण्याला जागा कमी, त्या प्रेशरला ४५ अंशावर किलोमागे १७-१८ ग्रॅमच मावतं. उरलेलं १२-१३ ग्रॅम जाईल कुठे, ड्रेनमध्ये. आता हवा किती जाते ते बघ, सात हजार किलोवॉटचं इंजिन तासाला साठ टन हवा ओढतं, म्हणजे ताशी अर्ध्या टनाच्या वर पाणी. ड्रेन धो धो नाही वाहिला तर काळजी कर! कारण मग ते पाणी सिलिंडरमध्ये जाऊन राहिलं असेल, लायनरवरची (सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरची) तेलाची फिल्म धुऊन काढेल. म्हणून ड्रेनच्या काचेकडे दर वॉचला (पाळीला) बघायचं, आणि कूलरनंतरची हवा उगाच फार थंड ठेवायची नाही, जितकी थंड तितकं पाणी जास्त. टार बुकमध्ये हे आकड्यांसकट लिही, आणि तुझ्या जहाजाचे आकडे टाक, माझे नको.

इंजिनची पॉवर काढायचा 'प्लॅन' फॉर्म्युला पाठ आहे पण त्याचा अंदाज येत नाही. जहाजाचं इंजिन म्हणजे कोराडीच्या वीज केंद्राच्या मानानं केवढं? (खापरखेडा)

एक इंजिन घे, सिलिंडरचा व्यास ५०० मिलिमीटर, स्ट्रोक २ मीटर, मीन इफेक्टिव्ह प्रेशर १८ बार, १०० आरपीएम, टू स्ट्रोक, ६ सिलिंडर. क्षेत्रफळ ०.१९६ चौरस मीटर, प्रेशर, स्ट्रोक, क्षेत्रफळ आणि सेकंदाचे फेरे यांचा गुणाकार केला की एका सिलिंडरला साधारण ११८० किलोवॉट, सहाचे मिळून ७ हजारच्या थोडे वर. म्हणजे ७ मेगावॉट. कोराडीचं एक मोठं युनिट ६६० मेगावॉटचं, त्याच्यापुढे आपलं इंजिन लहान लेकरू. पण दर किलो इंधनातून काम किती काढतं ते विचारशील तर लेकरू पुढे आहे, मोठी टू स्ट्रोक इंजिनं ५० टक्क्यांच्या आसपास जातात, वाफेवरच्या प्लांटला चाळीसच्या घरात थांबावं लागतं. कारण वाफ ज्या ट्यूबमध्ये तापते तिचं स्टील रात्रंदिवस ती उष्णता सोसत असतं, त्यामुळे वाफ सहाशेच्या आसपास अडकते. इंजिनमध्ये गॅस दीड हजाराच्या वर जातो पण क्षणभरच, लगेच पुढची थंड हवा आत येते आणि धातूला तितकं तापायला वेळच मिळत नाही. तू खापरखेड्याचा, वीज केंद्राच्या धुराच्या चिमण्या रोज बघतोस, एकदा कार्नोचा धडा (उष्णतेतून जास्तीत जास्त किती काम निघतं त्याचा) त्या चिमणीकडे बघत वाच.

मी इलेक्ट्रिकल डिप्लोमावाला, ईटीओकडे (जहाजावरचा इलेक्ट्रिकल ऑफिसर) जायचं आहे. जहाजावर ४४० व्होल्ट ६० हर्ट्झ असते म्हणतात. मग आपल्या इथली ५० हर्ट्झची पंपाची मोटर तिथे लावली तर काय होईल? आणि तिथे न्यूट्रल नसते हे खरं का? (कामठी)

फिरेल, आणि जास्तच फिरेल. चार पोलची मोटर ५० ला १५०० आणि ६० ला १८०० आरपीएम, स्लिप (मोटर थोडी मागे पडते ती) सोडून दे. वीस टक्के जास्त स्पीड ऐकायला काही वाटत नाही, पण सेंट्रिफ्युगल पंपाची पॉवर स्पीडच्या घनानं वाढते, १.२ चा घन १.७३. म्हणजे पाऊण पट जास्त लोड, ओव्हरलोड रिले उडणार, आणि कोणी रिलेचं सेटिंग वाढवून ठेवलं तर वाइंडिंग जळणार. हाच घनाचा नियम उलटा लावून जहाज कंपन्या तेल वाचवतात, प्रोपेलर दहा टक्के हळू फिरवला की पॉवर २७ टक्के कमी लागते.

न्यूट्रल अर्थ केलेला, म्हणजे जहाजाच्या बॉडीला जोडलेला नसतो हे खरं, निदान नेहमीच्या ४४० च्या सिस्टीमवर. घरी एक वायर बॉडीला लागली की ब्रेकर पडतो आणि आपण खूश होतो. जहाजावर विचार कर, वादळात स्टिअरिंग गिअरच्या मोटरची एक फेज बॉडीला लागली आणि ब्रेकर पडला तर? म्हणून एका फॉल्टला करंटला परतीची वाटच ठेवत नाहीत, मोटर चालू राहते आणि मेन स्विचबोर्डवरचे तीन अर्थ लॅम्प सांगतात, ज्या फेजचा दिवा मंद झाला ती फेज जमिनीला लागली, बाकी दोन जास्त उजळतात. पण चालून राहिलंय म्हणून झोपायचं नसते, दुसऱ्या फेजवर फॉल्ट आला की सरळ शॉर्ट सर्किट. आणि त्या वेळात उरलेल्या दोन फेज बॉडीच्या मानानं २५४ ऐवजी पूर्ण ४४० ला असतात, हात लावताना हे विसरू नको. एकेक फीडर (एकेका भागाला वीज नेणारी लाइन) बंद करून बघायचा, दिवे सारखे झाले की तोच चोर. मी पहिल्यांदा हा चोर पकडला तेव्हा तो गॅलीतला (जहाजाच्या स्वयंपाकघरातला) चपात्यांचा हॉटप्लेट निघाला होता, भंडारी, म्हणजे आमचा स्वयंपाकी, दोन दिवस माझ्याशी बोलला नाही.

काका, मला पोहता येत नाही. चालेल का? (गोधनी)

सुरुवात करायला चालेल. जहाजावर जायच्या आधी जो सेफ्टीचा कोर्स असतो त्यात स्विमिंग पूलमध्ये लाइफजॅकेट घालून उंचावरून उडी मारायला लावतात, तेव्हा लाइफजॅकेट तुला वर ठेवतं. उडी म्हणजे सूर नाही मारायचा, सरळ पुढे पाऊल टाकायचं, एका हातानं नाक तोंड दाबून धरायचं आणि दुसऱ्या हातानं जॅकेट छातीशी खाली ओढून ठेवायचं, नाहीतर पाण्यात पडताना तेच जॅकेट हनुवटीवर आपटतं. माझं आपटलं होतं. तरी आत्तापासून कॉर्पोरेशनच्या पूलवर सकाळचं लावून घे, सीझन सुरू झाला की तिथे जागा मिळत नाही.